रत्नागिरीहून जॅझ ऐकायला जायचं तर मुंबई की गोवा?

कोकणात कॉलेज करणाऱ्या आणि मोकळ्या वेळात कानाला इअरफोन लावून जॅझ ऐकणाऱ्या मुलामुलींची अडचण एकच: समोर बसून ऐकायची सोय जवळपास नाही. सुट्टी दोन दिवसांची, पैसे एका फेरीपुरते. चिपळूण-खेडकरांनी फार विचार न करता मुंबई धरावी, कुडाळ-सावंतवाडीकरांनी गोवा. पेच खरा रत्नागिरीकरांचा, म्हणून हिशेब रत्नागिरी स्टेशनापासून.

आधी रात्रीचं बघा, कारण बजेट कोलमडतं ते मुक्कामामुळे. मुंबईत मुक्काम टाळता येतो. नरिमन पॉइंटला एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या कलाकेंद्रात) संध्याकाळचा कार्यक्रम संपला की सीएसएमटी अडीच-तीन किलोमीटरवर, आणि कोकणकन्या रात्री अकरानंतर सुटून पहाटे रत्नागिरीत सोडते. जातानाही आदल्या रात्रीची कोकणकन्याच घ्या. दिवसाची गाडी बरी म्हणून मांडवी निवडली तर फसगत होते: ती मुंबईत पोचते रात्री साडेनऊनंतर, तोवर सभागृह रिकामं व्हायला लागलेलं असतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं. म्हणून परतीची बर्थ आधी पक्की करा, कार्यक्रमाचं तिकीट त्यानंतर.

गोव्याला जाताना मात्र मांडवी कामाची. दुपारी बसलात की संध्याकाळी गोव्यात. पणजीसाठी करमळीला उतरा, मडगावला नको. करमळीहून पणजी बाराएक किलोमीटर, मडगावहून तिशीच्या पुढे. कार्यक्रम हणजूण-आसगावकडे असेल तर थिवी. पण गोव्यात वादन सुरूच होतं आठ-साडेआठला, तोवर कदंबच्या बस विरळ झालेल्या असतात आणि रात्रीची टॅक्सी खिशाला परवडत नाही. तेव्हा एक रात्र राहणं आलंच, आणि तेही कार्यक्रमाच्या जागेपासून चालत जाता येईल इतक्या जवळ. स्वस्त डॉर्म लांब घेतली तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट: एसटीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. मुंबईला पूर्ण प्रवासाचा फायदा मिळतो, गोव्याला बांद्यापर्यंतचाच.

आता ऐकण्याचं. एनसीपीएचं टाटा थिएटर 1980 साली उघडलं, आणि ते बांधलंच मुळी माइकशिवायचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा म्हणून. त्यामुळे मागचं स्वस्त तिकीट बिनधास्त काढा. लोक गप्प बसून ऐकतात, ड्रमरने काठीऐवजी तारांचा ब्रश फिरवला तर त्याची खरखरसुद्धा पोचते. तिथला आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सव बहुधा नोव्हेंबरात असतो. सेमिस्टरची परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते, तेव्हा वेळापत्रक बघून ठरवा. क्लबांचा विचार करत असाल तर वय आडवं येतं: महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट असल्याने अनेक ठिकाणी दारातच ओळखपत्र मागतात, मग तुम्ही नुसतं लिंबूपाणी घेणार असलात तरी. सभागृहात ही कटकट नाही.

गोव्यात सहसा तिकीट नसतं, जेवणाचं बिल असतं. आजूबाजूला लोक बोलत असतात, ताटं वाजत असतात. शिवाय उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे अंगणातला कार्यक्रम नऊला सुरू झाला तर तासभरच हाती लागतो. निघण्याआधी त्याच दिवशी फोन करून खात्री करा, कार्यक्रम ऐनवेळी बदलतात. पण गोव्याला तोड नाही ती जवळिकीला. पियानोवाल्याच्या उजव्या खांद्यामागची जागा मिळाली तर दोन्ही हात दिसतात: डावा सुरावटीला आधार देत मध्येच गप्प होतो, उजवा धुनेपासून दूर जाऊन परत येतो. ड्रमरच्या डाव्या पायाकडे बघा. हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला मिटते, टाळी द्यायची तीही तिथेच. मध्यंतरात वादक बाहेर उभे असतात आणि प्रश्न विचारला तर मनापासून सांगतात.

मुंबई आणि गोव्याचं नातंही जुनं आहे. हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट मुंबईत जॅझ वाजवत आणि संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणूनही काम करत. हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता. 1978 साली मुंबईत रंगभवनच्या उघड्या मंचावर जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, तेव्हा सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स तिथे वाजवून गेले.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर आमचं मत मुंबईचं, तेही सभागृहाचं. कानाला आधी नीट ऐकू आलं पाहिजे. स्वतः गिटार, कीबोर्ड किंवा ड्रम वाजवत असाल तर उलट: गोवा आधी, जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी बघून. डिसेंबरअखेर खोल्यांचे भाव अंगावर येतात आणि पावसाळ्यात कोकण रेल्वे संथ वेळापत्रकाने धावते.

कुठेही जा, आधी घरी थोडी तयारी हवी. मोबाइलच्या स्पीकरवर बेस, म्हणजे सगळ्यात खालचे जाड सूर, ऐकू येत नाही. डबल बेस या उभ्याने वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्याची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, एवढ्याशा स्पीकरला ते झेपत नाही. साधे वायरवाले इअरफोन लावा आणि बेसच्या आधाराने बार मोजा (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट, बहुधा चारचा). बऱ्याच रचना 32 बारच्या असतात, आठ-आठचे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळा. तो तिसरा तुकडा ओळखता आला की सोलो, म्हणजे एकट्या वादकाचं वादन, कितीही भरकटला तरी तुम्ही हरवत नाही. शेवटाकडे चार बार एक वादक, चार बार ड्रमर अशी देवाणघेवाण चालते, तीही मग मोजून कळते.

स्वप्नातल्या प्रवासाचीही तुलना करून ठेवा. न्यू ऑर्लिन्सचा महोत्सव एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला येतो, म्हणजे ऐन परीक्षेत. माँत्रूचा जुलैत, जिनिव्हा सरोवराच्या काठी, 1967 पासून. तिथे काठावर फुकट कार्यक्रमही होतात, पण स्वित्झर्लंडमधलं राहणं-खाणं महाग. दोन्हींसाठी पासपोर्ट लागतोच. अठरा पूर्ण झालेल्यांना 36 पानी साधा पासपोर्ट 1500 रुपयांत, दहा वर्षांसाठी मिळतो. हॉस्टेलचा पत्ता दिलात तर कॉलेजचं बोनाफाईड आणावं लागतं, आणि पोलीस पडताळणीची वेळ सुट्टीत आली तर तुम्ही त्या पत्त्यावर सापडत नाही, मग अर्ज अडकतो. घरी सलग काही आठवडे राहणार असाल तेव्हा घरच्या पत्त्यावर अर्ज भरा.