थंडीचे कपडे: पोर्तुगालचे शब्द शिकावेत की ब्राझीलचे?

लिस्बन किंवा पोर्तोला निघालेले बरेच जण डुओलिंगोवर पोर्तुगीज गिरवतात, आणि ती असते ब्राझीलची. एरवी त्यानं फारसं अडत नाही. ब्राझिलियन मालिका बघून बघून पोर्तुगालच्या लोकांना तिकडचे शब्द कळतात. कपड्यांच्या दुकानात मात्र घोळ होतो.

सगळ्यात मोठा घोळ ‘कामिझॉला’चा. पोर्तुगालमध्ये हा रोजचा साधा स्वेटर. साओ पाउलोत हाच शब्द उच्चारलात तर समोर बायकांचा नाइटगाऊन येईल. तिथे स्वेटर म्हणजे ‘सुएतेर’ किंवा ‘ब्लूझा जी फ्रीउ’. नुसता ‘ब्लूझा’ पोर्तुगालमध्ये मागितलात तर बायकांचा टॉप मिळेल, त्यानं थंडी काय भागणार! फुगीर जॅकेटला पोर्तुगालमध्ये सर्रास ‘किश्पू’ म्हणतात. मुळात ते एका ब्रँडचं नाव, आपल्याकडच्या डालड्यासारखं रुळलेलं. ब्राझीलमध्ये ‘झाकेटा’ म्हणा. लोकरी टोपी पोर्तुगालमध्ये ‘गोर्रू’, ब्राझीलमध्ये बहुधा ‘तोका’. पण पोर्तुगालमध्ये ‘तोका’ म्हणजे पोहताना किंवा अंघोळीला घालायची टोपी.

कोट (‘कझाकू’), हातमोजे, मोजे, बूट, मफलर यांचे शब्द दोन्हीकडे तेच. फक्त शेवटच्या ‘स’चा पोर्तुगालमध्ये ‘श’ होतो: ‘लुवश’, ‘बोतश’. ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी ‘लुवास’, ‘बोतास’.

माझं मत विचाराल तर पोर्तुगालला जाणाऱ्यानं ही यादी तिथल्याच बोलीत पाठ करावी, आणि रस्त्यापेक्षा घरातल्या शब्दांपासून सुरुवात करावी. तिथल्या कितीतरी जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नसतं, जानेवारीत बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठायला होतं. म्हणून आधी ‘पांतूफश’ (घरातल्या उबदार सपाता) आणि शेकायची रबरी पिशवी, ‘साकू द आग्वा केंत’. ब्राझीलमध्ये या पिशवीला ‘बोल्सा जी आग्वा केंची’ म्हणतात. गोव्यात घरी आजी-आजोबांची पोर्तुगीज कानावर पडली असेल तर तीही पोर्तुगालच्याच वळणाची, तेव्हा काम निम्मं झालंय.

ब्राझीलचे शब्द निवडा ते साओ पाउलो, कुरितिबा, पोर्तो अलेग्रे या बाजूला जाणार असाल तर. तिथली थंडी जून ते ऑगस्टमधली. सांता कातारिनातल्या साओ झोआकिंला तर कधीकधी बर्फही पडतं. ब्राझीलच्याच उष्ण ईशान्येकडच्या रेसिफेला निघाला असाल तर मात्र यातलं काहीच नको. त्या महिन्यांत तिथे पाऊस असतो, एकच शब्द पाठ करा: ‘ग्वार्दा-शूवा’, छत्री.