फाशी, जन्मठेप की सूट नसलेली कैद: मत ठरवण्यापूर्वी

कोल्हापुरात फाशीचा विषय निघाला की गावित बहिणींचा खटला आठवतोच. लहान मुलांना पळवून चोऱ्यांसाठी वापरायचे आणि नकोशी झाली की मारून टाकायचे, अशा या खटल्यात येथील सत्र न्यायालयाने २००१ साली दोघींना फाशी सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ साली राष्ट्रपतींनी दयेचा अर्जही फेटाळला. तरी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. गुन्हा सौम्य ठरला म्हणून हे झाले नाही. दयेच्या अर्जाचा निकाल लागण्यास सात वर्षे दहा महिने लागले, आणि असा अकारण विलंब फाशी रद्द होण्यास पुरेसा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात आधीच सांगितले होते. तेव्हा राग धरायचाच, तर तो निकालपत्रापेक्षा रखडलेल्या फायलीवर धरावा.

फाशीच्या बाजूने मुख्य बळ आहे ते गुन्ह्याच्या तोलाचे. फाशी फक्त ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ गुन्ह्यासाठी, हा न्यायालयांचा निकष; मुलांचे खून त्यात बसत नसतील तर कोणते, हा प्रश्न मला आजही निरुत्तर करतो. पण निकाल चुकला तर फाशी मागे घेता येत नाही, आणि मधली वर्षे पीडित कुटुंबाने तारखा मोजत काढायची असतात.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज कट्ट्यावर जितका पक्का तितकाच कायद्यात चुकीचा आहे. गोपाळ गोडसे खटल्यापासून (१९६१) तिचा अर्थ उरलेले आयुष्य असाच आहे. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षे ही सूट, म्हणजे शिक्षा कमी होऊन लवकर सुटका, मिळण्यापूर्वीची किमान कैद. खरी अडचण सूट देणे सरकारच्या हाती असते, ही आहे.

म्हणून माझा कल तिसऱ्या पर्यायाकडे आहे. २००८ सालच्या स्वामी श्रद्धानंद खटल्यापासून उच्च आणि सर्वोच्च न्यायालय वीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत सूट मिळणार नाही, असे बजावू शकतात. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने हे मान्य केले. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा माफीचा अधिकार मात्र त्यानंतरही शाबूत राहतो. हा कल मी ज्या घरातले मूल परत आले नाही त्या घरी बसून मांडू शकेन का, याची मला अजून खात्री नाही.