पहिला अल्बम: बीटल्सचा की बॉब डिलनचा?

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा पहिला अल्बम 1962चा, बीटल्स या इंग्लिश बँडचा 1963चा. दोन्ही माझ्या जिव्हाळ्याचे. डिलनच्या 13 गाण्यांपैकी केवळ 2 त्याची स्वतःची आहेत, त्यामुळे गिटार, माउथ ऑर्गन आणि खरखरीत आवाज एवढ्या बळावर जुनी लोकगीते पेलणारा वीस वर्षांचा गायक तिथे भेटतो. त्याच्यातला कवी अद्याप उंबरठ्यावरच आहे. बीटल्सनी मात्र 14 पैकी 8 गाणी स्वतः रचली आणि अल्बममधील एकूण 10 गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवशी लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाली. सर्दीने बेजार असलेल्या, बीटल्सपैकी एक असलेल्या जॉन लेननने त्या रात्री शेवटचे गाणे अक्षरशः घसा फोडून गायले, आणि तो चिरकलेला आवाज ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. म्हणूनच, निदान पहिल्या पावलापुरते, माझे माप बीटल्सच्याच पदरात पडते.