ब्लूज ज्युनियर, एसी१५ की डीएसएल२०? एकच ट्यूब ॲम्प घ्यायचा असेल तर

गिटारसाठी एकच ट्यूब ॲम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर) घ्यायचाय, त्यात स्वच्छ क्लीनपण हवा, ब्लूजचा क्रंचपण (किंचित फाटलेला आवाज) हवा आणि मधूनमधून रॉकची लीडपण वाजवायचीय, असं म्हणणाऱ्याच्या यादीत फिरून फिरून हेच तीन येतात : फेंडर ब्लूज ज्युनियर, व्हॉक्स एसी१५ कस्टम आणि मार्शल डीएसएल२० कॉम्बो. तिघांतही एकच बारा इंची स्पीकर, पॉवर १५ ते २० वॉट. माझं मत आधीच सांगून टाकतो. फ्लॅटमध्ये राहून सगळं थोडं थोडं वाजवायचं असेल तर डीएसएल२०, पेडल्स (पायाने चालू-बंद करायचे इफेक्ट्स) आधीच जमवून झाली असतील तर ब्लूज ज्युनियर, आणि आवाज मोकळा सोडायला जागा असेल तर एसी१५.

आता का ते. पहिलं म्हणजे वॉटचा हिशोब नीट समजून घ्या, कारण बरेच जण तिथेच फसतात. १५ वॉट म्हणजे घरगुती, असं ऐकून लोक ॲम्प घेतात आणि मग व्हॉल्यूम दोनच्या वर नेता येत नाही. एसी१५ मध्ये सेलेस्टियन ग्रीनबॅक स्पीकर येतो, त्याची सेन्सिटिव्हिटी ९८ डेसिबल आहे, म्हणजे नुसता १ वॉट दिला तरी एक मीटरवर ९८ डेसिबल आवाज, आणि पूर्ण १५ वॉटला तो ११० च्या आसपास जातो. वॉट निम्मे केले की फक्त ३ डेसिबल कमी होतात, कानाला आवाज निम्मा वाटायला मात्र साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. त्यामुळे डीएसएल२० वर २० चे १० वॉट करायची जी सोय आहे ती शेजाऱ्यांसाठी आहे असं समजू नका, तिने आवाज थोडासाच कमी होतो, फायदा एवढाच की पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब) जरा आधी फुटायला, म्हणजे आवाज फाडायला लागतात.

म्हणून खरा प्रश्न वॉटचा नाहीच, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, कुठून येतंय हा आहे. प्रीॲम्प ट्यूबमधून (गिटारचा सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या) येणारं डिस्टॉर्शन कमी आवाजातही मिळतं, पॉवर ट्यूबमधून येणारं मिळवायला ॲम्पचा आवाज खरोखर मोठा करावा लागतो. डीएसएल२० पहिल्यावर चालतो, एसी१५ ची सगळी जादू दुसऱ्यात आहे, ब्लूज ज्युनियर मध्ये कुठेतरी.

गंमत बघा, ब्लूज ज्युनियर आणि एसी१५ दोघांच्याही पॉवर सेक्शनमध्ये दोन दोन ईएल८४ ट्यूब, तीच ट्यूब जी जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत असायची, तरीपण दोघांचा आवाज एकमेकांशी जुळत नाही. फेंडरमध्ये फिक्स्ड बायस (पॉवर ट्यूबची कामाची पातळी बाहेरून ठरवून दिलेली) आहे आणि निगेटिव्ह फीडबॅक आहे, म्हणजे आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा मागे देऊन सर्किट स्वतःला लगाम घालतं, आवाज घट्ट, नीटनेटका राहतो आणि फुटतो तेव्हा जरा अचानक फुटतो. व्हॉक्समध्ये कॅथोड बायस आहे (ती पातळी ट्यूबच्या स्वतःच्या करंटवरून ठरते) आणि तो फीडबॅक नाही, त्यामुळे पिक जोरात मारलं की आवाज किंचित दबून मग वर येतो, हळूच वाजवलं की साफ होतो, गिटारचा व्हॉल्यूम नॉब सातवर आणला की क्लीन, दहावर नेला की क्रंच, पाय कुठेच लावायला नको. ट्यूबचं नाव वाचून टोनचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे दोन ॲम्प एकदा शेजारी ठेवून ऐकावेतच.

ब्लूज ज्युनियर १९९० च्या दशकापासून बाजारात आहे आणि त्याचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे वजन, सुमारे १४ किलो, एका हातात घेऊन जिना उतरता येतो. चॅनल एकच, स्प्रिंग रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी सोय) सुंदर, वर एक फॅट स्विच ज्याने मिड (मधले स्वर) आणि गेन (सिग्नलची वाढ) वाढतो. क्लीन हवा असेल तर मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) वर ठेवा आणि व्हॉल्यूम (प्रीॲम्पचा नॉब) खाली, उलट केलंत तर प्रीॲम्प फुटतो आणि मला तो आवाज कमी मास्टरवर माशी घोंगावल्यासारखा वाटतो. म्हणून याच्याकडून क्लीन घ्या आणि डर्ट (फाटलेला आवाज) पेडलकडून, ट्यूबस्क्रीमर (एक प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडल) पद्धतीचं ओव्हरड्राइव्ह यावर फार छान बसतं. इफेक्ट्स लूप (प्रीॲम्प आणि पॉवर सेक्शनच्या मधे इफेक्ट जोडायची सोय) नाही, डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) ॲम्पच्या पुढेच लावावा लागतो, पेडलमधून डर्ट घेणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही.

एसी१५ बद्दल जास्त लिहिणार कारण याला लोक नीट वापरत नाहीत. मूळ एसी१५ इंग्लंडमध्ये केंटमधल्या डार्टफर्डचा, १९५८ चा, त्यात ईएफ८६ ट्यूबचं चॅनल होतं, टॉप बूस्ट (चमक वाढवणारं सर्किट) नंतर त्याच्या मोठ्या भावासोबत, एसी३० सोबत आलं. आजच्या कस्टममध्ये नॉर्मल आणि टॉप बूस्ट अशी दोन चॅनल्स आहेत, पण नीट ऐका, ती फूटस्विचने बदलता येत नाहीत, दोघांचे इनपुट वेगळे, फूटस्विच फक्त रिव्हर्ब आणि ट्रेमोलोसाठी (आवाज लयीत कमीजास्त करणारा इफेक्ट). एकाच गाण्यात क्लीनवरून लीडवर जायचं असेल तर पेडल किंवा गिटारचा नॉब हाच मार्ग. टॉप बूस्टचे ट्रेबल आणि बास एकमेकांत गुंतलेले आहेत, दोन्ही वर नेले की मिड पोकळ होतो आणि मग लोक म्हणतात व्हॉक्स कर्कश आहे. दोन्ही मध्याच्या थोडं खाली ठेवा, व्हॉल्यूम वाढवा, मग टोन कट हातात घ्या, हा नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की वरचा चरचराट कमी होतो. सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारची चमकती, खणखणीत कॉर्ड अशी दुसऱ्या कुणाकडून मिळत नाही. पण वजन सुमारे २२ किलो आणि मास्टर अगदी खाली ठेवला तर निम्मी मजा जाते, हे मान्य करूनच घ्या.

डीएसएल२० हा २०१८ साली आलेल्या मालिकेतला, दोन ईएल३४, वजन सुमारे १६ किलो. क्लासिक गेन आणि अल्ट्रा गेन, दोन चॅनल्स पायाने बदलता येतात, इफेक्ट्स लूप आहे, रेकॉर्डिंगसाठी एम्युलेटेड आउटपण (स्पीकरच्या आवाजाची नक्कल करून थेट देणारं) आहे, रिव्हर्ब मात्र डिजिटल. कामाला येणाऱ्या सोयी मोजल्या तर बाकी दोघे जवळपास येत नाहीत. क्लासिक गेनवर गेन मध्यावर ठेवला तर जुन्या मार्शलचा रॉक क्रंच बोलण्याच्या आवाजातही ओळखू येतो, आणि फ्लॅटवाल्याला हेच तर हवंय. दोन गोष्टी सांभाळा. टोन शिफ्ट बटण दाबलं की मिड खाली जातो, खोलीत एकट्याने वाजवताना भारी वाटतं, ड्रम्स आणि बास सुरू झाले की गिटार गायब. आणि इक्वलायझर दोन्ही चॅनल्सना मिळून एकच, म्हणजे क्लीन चमकदार केला तर लीड टोचते, मधला समझोता शोधावाच लागतो. क्लीनमध्ये तो फेंडरइतका गोड नाही, हेही आहेच.

कुठलाही घेतलात तरी तो जमिनीवर ठेवून समोर उभे राहून सेटिंग करू नका. स्पीकरचा ट्रेबल सरळ रेषेत पुढे जातो, तुमच्या पोटऱ्यांना लागतो, कानाला नाही, तुम्ही ट्रेबल वाढवत जाता आणि समोर बसलेल्याचे कान किटतात. खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, मग नॉब फिरवा.

अमेरिकेतून कोणी भाऊ किंवा मावशी येताना ॲम्प आणणार असेल तर आधी व्होल्टेज बघा, तिथला १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०, थेट लावला तर गेला. पुरेशा वॉटचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि ॲम्पसकट तो उचलायचा म्हणजे ब्लूज ज्युनियरच्या वजनाचा फायदाच संपला. अर्थिंगची पिन कधीही काढू नका. स्पीकर न जोडता ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि स्पीकरला गिटारची केबल नको, स्पीकरचीच केबल. आत काही बिघडलं तर प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात, ते काम माहितगाराकडेच द्या.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि नेहमीचं एक पेडल घेऊन जा. सेल्समन व्हॉल्यूम वाढवून दाखवेल, तो तुम्ही घरी जितका ठेवणार तितका खाली आणायला लावा, त्या आवाजात तीनही ॲम्पवर एकच रिफ वाजवा, आणि मगच एकदा आवाज पूर्ण वाढवून ऐका.