घरून केटरिंग आणि भाड्याची भांडी: पाचपैकी चार स्टार, एक कल्हईचा कापला

पुण्यात पेठेत एक जुनं भांडी भाड्याने देणारं दुकान आहे, तिथून मी गेली दोन वर्षं भांडी नेतेय त्याबद्दल लिहिते. नाव देत नाही कारण खाली एक तक्रार पण आहे आणि काकांशी माझं आता चांगलं जमतं.

मी घरूनच ऑर्डरी घेते. बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण, फार तर साठ माणसं. सुरवातीला डोक्यात होतं की सगळं विकत घ्यायचं, म्हणून तुळशीबाग आणि बोहरी आळी पालथी घातली आणि जाड बुडाची दोन पातेली, एक परात न् एक कढई एवढ्याचाच हिशोब नऊ हजाराच्या वर गेला, शिवाय ती ठेवायची कुठे, आमच्या माळ्यावर आधीच सासूबाईंचे पितळी डबे बसलेत. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं वेडे भाड्याने आण ना.

दुकान म्हणजे बोळच. वर झारे लटकलेले, खाली पातेल्यांच्या उतरंडी, प्रत्येकावर दुकानाचं नाव कोरलेलं. काका आधी भाव सांगतच नाहीत, विचारतात "माणसं किती आणि भात कुठला?" पहिली ऑर्डर 45 माणसांच्या बारशाची होती. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, कोशिंबीर, मठ्ठा, जिलबी हलवायाकडून. म्हटलं तांदूळ चार किलो. ते म्हणाले मग वीस-बावीस लिटरचं पातेलं ने, छोटं नेशील तर ढवळताना भाताचा लगदा होईल, आणि खरंच झाला असता, कारण मी दहा लिटरचंच मागणार होते, चार किलो तांदूळ फुलून किती होतो याचा मला अंदाजच नव्हता. बटाटे सहा किलो, पुऱ्यांची कणीक साडेचार किलो हे पण त्यांनीच तोंडी सांगितलं. भाजी संपली, पुऱ्या थोड्या उरल्या, म्हणजे अंदाज बरोबरच म्हणायचा.

भट्टी मागितली तर पहिला प्रश्न, "सिलेंडर कुठला लावणार?" मी भोळेपणाने म्हटलं घरचाच. त्यांनी भट्टी परत आत ठेवली. घरचा लाल 14.2 किलोचा धंद्याला वापरता येत नाही, त्यासाठी 19 किलोचा निळा कमर्शियल लागतो, आणि भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर घेऊन बंद स्वयंपाकघरात तर उभंच राहायचं नाही. आमचं घर तळमजल्यावर, मागे थोडं अंगण आहे म्हणून जमलं. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर असाल तर भट्टीचा नाद सोडा आणि दोन मध्यम पातेल्यांत भात करा. घरच्या शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं की बुडाच्या मधेच आच लागते, कडेचा भात कच्चा राहतो.

आता तक्रार. मठ्ठ्यासाठी काकांच्या मुलाने एक पितळी पातेलं दिलं, दिसायला इतकं सुंदर की मी आत नीट बघितलंच नाही. बुडाशी कल्हई पार उडालेली. सकाळी आठला मठ्ठा करून ठेवला, दहाला सासूबाईंनी चमचाभर तोंडात घातला आणि थुंकला. कळकला होता. सात लिटर मठ्ठा मोरीत! आंबट वस्तू उघड्या पितळेला लागली की त्यातलं तांबं उतरतं, म्हणून तर आत कथलाचा थर देतात, हे लहानपणापासून माहीत असून मी गाफील राहिले. धावत डेअरीतून दही आणलं, परत घुसळलं, स्टीलच्या बादलीत ठेवलं. पाहुण्यांना काही कळलं नाही पण माझा त्या ऑर्डरचा निम्मा नफा दह्यात गेला.

दुसऱ्या दिवशी पातेलं काकांपुढे आपटलंच. त्यांनी मुलाला माझ्यासमोर झापलं, त्या भांड्याचं भाडं घेतलं नाही, आणि पुढच्या वेळी गेले तर पितळेचा सगळा लॉट कल्हई होऊन चकाकत होता. पण दह्याचे पैसे काही दिले नाहीत. तो एक स्टार तिथे गेला.

भाडं म्हणाल तर मला पातेली, परात, झारे, भट्टी मिळून एका दिवसाचे साधारण सहाशे पडले, डिपॉझिट दोन हजार वेगळं. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत परत, उशीर केला तर अजून एक दिवस धरतात, तिथे गयावया चालत नाही. काजळी तशीच ठेवून नेलीत तर घासायचे पैसे कापतात. घेताना आणि देताना भांडी मोजून वहीवर सही घेतात, ते मला आवडलं, नाहीतर डाव-पळ्या कुठे जातात देव जाणे.

फूड लायसन्सचं काकांना काही विचारू नका, ते एक एजंट सुचवतात ज्याने माझ्याकडे अडीच हजार मागितले होते. मी 2023 ला स्वतः ऑनलाइन काढलं. वर्षाची उलाढाल 12 लाखाच्या आत असेल तर साधं रजिस्ट्रेशन पुरायचं, फी वर्षाला 100 रुपये, फोटो आणि ओळखपत्र अपलोड केलं की झालं. तो 14 आकडी नंबर आता माझ्या बिलावर असतो.

तुळशीचं लग्न झालं की तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आठ दिवस आधी सांगून ठेवा. आणि मोठा झारा घेतलात तर दांडा हलवून बघा, दोन-तीन ढिले आहेत.