दोन मोनो अ‍ॅम्प, नऊ महिने वापरून: आवाज मस्त, पण ऑटो ऑफने डोकं खाल्लं

परवा एकदाचा अ‍ॅम्पचा (स्पीकरला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) बदली अडॅप्टर आला, चोवीस दिवसांनी, म्हणून आता जरा शांतपणे लिहितोय. आठ दिवसांपूर्वी लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता.

गेल्या दिवाळीत दोन छोटे मोनो पॉवर अ‍ॅम्प घेतले, डाव्या स्पीकरला एक, उजव्याला एक. टीपीए३२५५ चिपवाले, तळहाताएवढे डबे, शोधणाऱ्यांनी सगळ्यांनी बघितलेत त्यामुळे स्पेसिफिकेशन परत लिहीत बसत नाही. दोन्ही मिळून अकरा हजाराच्या आत बसले, ते पण ३२ व्होल्ट ५ अँपिअरच्या अडॅप्टरसोबत, कारण ४८ व्होल्टच्या सेटला जवळपास अडीच हजार जास्त मागत होते आणि ते द्यायची माझी तयारी नव्हती.

मोनोच का, म्हणजे प्रत्येक स्पीकरला वेगळा डबा का, तर आमच्या नाशिकच्या जेलरोडच्या हॉलमध्ये दोन स्पीकरच्या मधे बाल्कनीचं दार येतं. एकच स्टीरिओ अ‍ॅम्प ठेवला की एका बाजूची स्पीकर वायर दाराच्या चौकटीवरून फिरवून वीस फूट न्यावी लागायची. खरं सांगायचं तर चांगली जाड वायर असेल तर वीस फुटात कानाला काही फरक पडत नाही, पण दारावर ती जाड वायर लोंबकळताना बायकोला नको होती आणि मलाही नको होती. आता अ‍ॅम्प स्पीकरच्या मागेच आहेत, दोन फूट वायर, लांब गेलीये ती फक्त सिग्नलची बारीक आरसीए केबल. दिसत पण नाही.

आवाजाबद्दल तक्रार शून्य. तबल्याचा बायाँ पहिल्यांदा आमच्या घरात नीट ऐकू आला, आधीच्या जुन्या अ‍ॅम्पवर तो नुसता घुमायचा. एप्रिलच्या उन्हाळ्यात तीन-तीन तास वाजवलं तरी डबे कोमटच, क्लास डी, म्हणजे वीज फार वाया न घालवणाऱ्या जातीचे असल्याने उष्णता फार होतच नाही.

आता मूळ दुखणं. ऑटो ऑफ.

मागे एक बटण आहे, ऑन आणि ऑटो. ऑटोवर ठेवलं की सिग्नल आला की अ‍ॅम्प जागा होतो आणि माझ्याकडे साधारण दहा मिनिटं सिग्नल नसला की झोपतो. ऐकायला झकास सोय. पण "सिग्नल नाही" हे ठरवतो तो डबा, आणि डबे दोन आहेत! आमचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, रोज पहाटे साडेपाचला उठून अगदी बारीक आवाजात गाणं लावतात, घरातले बाकीचे झोपलेले असतात म्हणून. नोव्हेंबरातच एका सकाळी मला हलवून उठवलं, "अरे, एका बाजूचं गाणं बंद पडलंय, स्पीकर गेला का बघ." मी जाऊन आवाज वाढवला तर टक करून चालू. दुसऱ्या दिवशी परत तेच. विलंबित आलाप सुरू असला, आवाज बारीक असला, की उजवा अ‍ॅम्प झोपणार, डावा जागा. स्टीरिओ अ‍ॅम्प असता तर दोन्ही बाजू एकदम तरी गेल्या असत्या.

मला आधी वाटलं रेकॉर्डिंगमध्येच उजवीकडे सिग्नल कमी असेल. म्हणून जुने शास्त्रीय गायक द. वि. पलुस्करांचं गाणं लावून बघितलं. ते १९५५ मध्येच गेले, त्यांची सगळी ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे डावीकडे उजवीकडे एकच सिग्नल जाणार. तरी उजवाच झोपला. मग डॅकच्या (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्पसाठी सिग्नल करणारा डबा, आवाजाचा नॉब त्यावरच) मागच्या केबलींची अदलाबदल केली, तरी तोच डबा झोपला. म्हणजे गाण्याचा दोष नाही, केबलचा नाही, त्या एका डब्याचा जागं राहायचा उंबरठा दुसऱ्यापेक्षा वर आहे, त्याला जास्त जोराचा सिग्नल लागतो. एका कंपनीचे, एका दिवशी आलेले, एकाच बॅचचे दोन डबे आणि असा फरक. जोडी म्हणून विकता तर जोडी जुळवून द्या ना!

ऑनवर ठेवा की, असं म्हणणारे भेटतील. ठेवलं होतं. प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर आहे माझ्याकडे, त्यावर गाणं बंद असताना एक डबा ९ वॅट दाखवतो, दोघांचे १८, चोवीस तास चालू म्हणजे महिन्याला तेरा युनिट नुसते बसल्याबसल्या. बोर्ड कपाटाच्या मागे आहे, वडील सत्तरी ओलांडलेले, त्यांनी रोज पहाटे वाकून दोन बटणं दाबायची हे मला मान्य नाही. तेरा युनिट फुकट जाऊ द्यायचे हेही मान्य नाही.

मधल्या काळात वॅटचा विषय पण माझ्या डोक्यात फिरला. जाहिरातीत ३०० वॅट लिहिलेलं, चिपच्या माहितीपत्रकात तर मोनोला ६०० वॅट आहे, पण ते २ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध) स्पीकरवर आणि १० टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची मोडतोड धरून. माझा अडॅप्टर ३२ व्होल्ट ५ अँपिअर, म्हणजे आतच १६० वॅट जाणार, बाहेर सतत ३०० कुठून येतील? सरळ हिशोब असा की व्होल्टेजचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. ३२ चा वर्ग १०२४, भागिले १६, म्हणजे ८ ओहमला फार तर ६४ वॅट. ४८ व्होल्टला १४४. डिसेंबरात हा हिशोब केला तेव्हा जाम चुटपुट लागली की अडीच हजार वाचवायला गेलो आणि निम्म्याहून कमी ताकद घेतली. पण वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि ६४ चे १४४ केले तर साडेतीन. माझे स्पीकर ८६ डेसिबलचे (एका वॅटला एक मीटरवर एवढा आवाज), खोली दहा बाय पंधरा, रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅटसुद्धा लागत नाहीत. तेव्हा चुटपुट संपली. ३२ व्होल्ट घेतले ते बरोबरच होतं, ज्याची खोली छोटी आहे त्याने वॅटसाठी एक रुपया जास्त देऊ नये.

मग जुलै. पावसात आमच्याकडे एका संध्याकाळी पाच-सहा वेळा लाईट आली-गेली आणि सकाळी उजवा अ‍ॅम्प मेलेला. वडिलांना वाटलं झोपलाय, मला पण तेच वाटलं. मल्टीमीटर लावला तर अडॅप्टरच्या पिनवर शून्य व्होल्ट. डाव्याचा अडॅप्टर उजव्याला लावला तर अ‍ॅम्प ठणठणीत. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर की दोन्ही अ‍ॅम्प आणि दोन्ही अडॅप्टर पॅक करून स्वखर्चाने पाठवा, तपासून कळवू. अहो, तीन वस्तू चांगल्या आहेत, त्या कशाला? मग म्हणे अडॅप्टर ही अ‍ॅक्सेसरी, त्याला वॉरंटी नाही. बिलावर एक वर्ष लिहिलंय, अडॅप्टर वगळून असं एक अक्षर नाही. बिलाचा फोटो पाठवला, शून्य व्होल्टचा व्हिडिओ पाठवला, अदलाबदलीचा व्हिडिओ पाठवला, दर दोन दिवसांनी नवीन माणूस पहिल्यापासून विचारायचा. सतराव्या दिवशी कबूल केलं, चोवीसाव्या दिवशी पार्सल.

तोवर वडिलांचं गाणं एका स्पीकरवर चालू ठेवणं मला बघवेना. रविवारी द्वारका चौकाच्या गर्दीतून नाशिकचा एमजी रोड गाठला. दुकानदार म्हणाला, "दादा, बत्तीस व्होल्ट कुठंच मिळणार नाही, चोवीस घ्या नाहीतर छत्तीस घ्या." अ‍ॅम्पच्या बुडावर २४ ते ४८ छापलंय, चिपची मर्यादा ५३.५, म्हणून ३६ चा घेतला. जाताना अ‍ॅम्प सोबत न्या, ५.५ एमएमची पिन बाहेरून सारखीच दिसते पण आतलं भोक २.१ आणि २.५ असं वेगळं असतं, चुकीची घेतली तर बसत नाही नाहीतर सैल बसते. मधलं टोक प्लस आहे ना तेही मीटरने बघा.

घरी येऊन काळजी ही की डावीकडे ३२, उजवीकडे ३६, आता एका बाजूचा आवाज मोठा येणार. अजिबात नाही! या चिपमध्ये फीडबॅक (बाहेर गेलेला सिग्नल परत तपासून सुधारणारी सोय) असल्याने गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, सप्लायच्या व्होल्टेजवर ठरत नाही, फक्त वरची कमाल मर्यादा बदलते. गाणारा बरोबर मधोमध.

आणि याच गडबडीत खरं औषध सापडलं. अनोळखी अडॅप्टर लावताना भीती म्हणून दोन्ही अ‍ॅम्पचा गेन मागच्या बटणाने हायवरून लोवर केला होता आणि परत हायवर करायचा राहून गेला. चार दिवसांनी लक्षात आलं की वडिलांनी पहाटे एकदाही उठवलं नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. दोन गेनमध्ये ६ डेसिबलचा फरक, म्हणजे तेवढाच आवाज हवा असेल तर डॅकचा नॉब जास्त फिरवावा लागतो आणि अ‍ॅम्पच्या तोंडाशी दुप्पट व्होल्टेजचा सिग्नल येतो. सिग्नल आहे की नाही हे ओळखणं, म्हणजे सेन्सिंग, तिथेच होतं, त्यामुळे डबा जागा राहतो. नऊ महिने ज्याच्यासाठी तळमळलो ते एका बटणाचं काम निघालं, आणि कंपनीच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही, कंपनीतून येताना बटण हायवरच असतं. तेव्हापासून उजवा फक्त एकदा झोपला, रात्री अगदी कुजबुजत्या आवाजात बातम्या लावल्या होत्या तेव्हा.

एक सूचना जाताजाता. यांच्या स्पीकरच्या काळ्या टर्मिनलला ग्राउंड समजू नका, दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. दोन अ‍ॅम्पची काळी टोकं एकत्र जोडलीत किंवा जुन्या सबवूफरला तिथून कॉमन वायर काढलीत तर नुकसान होईल. आणि दोन पिनचे अडॅप्टर असल्याने डब्याच्या धातूला ओल्या हाताने बोट लागलं तर झिणझिण्या येतात, अर्थिंगला जोड नाही म्हणून.

३६ व्होल्टचा उजवीकडेच राहू दिलाय, आलेला ३२ चा स्पेअर म्हणून कपाटात. वॉरंटी दिवाळीपर्यंत आहे म्हणून झाकण उघडलेलं नाही, पण कुणी असल्या डब्याचा सेन्सिंगचा उंबरठा आत रेझिस्टर बदलून खाली आणला असेल तर कुठला बदलला आणि किती ओहमचा टाकला ते सांगा, उजव्याचं काम दिवाळी झाली की लगेच करायचंय.