चाकाचा आउट काढायला स्वस्त स्टँड की महाग? नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आत, मी साडेचार हजारांना घडीचा एक साधा ट्रूइंग स्टँड मागवला, म्हणजे सायकलीचं चाक अडकवून फिरवायचं आणि त्याचा आउट (रिंगेचा वाकडेपणा) काढायचा स्टँड. नोव्हेंबरात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मित्राच्या दुकानात पार्क टूल कंपनीचा टीएस-२.२ हा महाग स्टँड आला आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी तिथे चाकं घेऊन बसतो. दोन्ही स्टँड मिळून साठेक चाकं हाताखालून गेली असतील. गिअरच्या सायकलींची बरीच, शाळकरी पोरांच्या सायकलींची थोडी आणि वडिलांच्या काळ्या सायकलीची दोन, पुढे ३२ तारा आणि मागे ४०. "कुठला घेऊ?" असं इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं.

सुरुवातीलाच काय बिघडलं ते सांगतो, कारण सगळं त्यातूनच कळलं. स्वस्त स्टँडवर मी पहिलं चाक केलं ते माझ्याच हायब्रिड सायकलीचं मागचं. स्टँडची दोन्ही बाजूची बोटं (रिंगेला टेकवायच्या दांड्या) रिंगेजवळ आणली, चाक फिरवलं, जिथे घासतंय तिथली तार सैल, समोरची घट्ट. तासाभरात आउट गेला. मग बघितलं तर रिंग दोन बोटांच्या मधोमध नव्हती, डावीकडे झुकली होती. म्हणून उजवीकडच्या सगळ्या तारा थोड्या थोड्या ओढत तिला मध्ये आणली. दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या चढाला लागल्यावर मागून खस्स खस्स ऐकू यायला लागलं. उतरून पाहिलं तर रिंग उजव्या ब्रेकच्या रबराला चिकटलेली. चाक सरळ फिरत होतं, पण सायकलीच्या मधोमध नव्हतं. उजवा ब्रेक सैल करून तसाच परत आलो.

संध्याकाळी गंगावेशीतल्या सायकलवाल्या मामांकडे गेलो. त्यांच्याकडे स्टँड नाही. सायकल उलटी करायची, चिमट्यावर (चाक धरणाऱ्या फोर्कवर) अंगठा टेकवून नख रिंगेजवळ धरायचं आणि आउट काढायचा, हीच त्यांची आयुष्यभराची पद्धत. त्यांनी आधी दोन-तीन तारा बोटाने वाजवल्या, मग म्हणाले, "बाळ, चाक उलटं घालून बघितलंस का? त्याच बोटाला त्याच जागी टेकलं तर चाक मधोमध हाय. न्हाई टेकलं, तर जेवढी फट दिसती त्याच्या निम्मंच वडायचं."

घरी येऊन तसं केलं. रिंगेच्या उजव्या अंगाला स्टँडचं एक बोट जेमतेम टेकवलं, ते न हलवता चाक काढलं आणि उलटं घातलं. सरळ साडेचार मिलिमीटरची फट. म्हणजे चाक सव्वादोन मिमीने बाहेर, आणि तेवढं बाहेर मीच ओढलेलं.

उद्यमनगरात माझं काम कास्टिंगच्या तपासणीचं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी स्टँड सरळ सरफेस प्लेटवर (मापं घ्यायच्या सपाट पाटावर) ठेवला आणि हाइट गेज (उंची मोजायचं साधन) लावला. एका खांबाची, आस बसायची खाच दुसऱ्यापेक्षा १ मिमीने खाली निघाली. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी १३५ मिमी आणि रिंग आसापासून ३११ मिमी लांब. आस १ मिमीने तिरका झाला की रिंग तिथे २.३ मिमी सरकते. पुढच्या चाकाचा हब १०० मिमीचा, तिथे हेच ३ मिमीवर जातं.

नीट ध्यानात घ्यायची गोष्ट पुढे आहे. स्टँड असा वाकडा असला तरी आउट काढण्यात काहीच चूक होत नाही. चाक स्वतःच्या आसाभोवतीच फिरतं. आस तिरका असो की सरळ, रिंग एका ठिकाणी आत आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर जाते का, एवढंच तुम्ही बघत असता. स्टँडच्या वाकडेपणाने फसतं ते सेंटर, म्हणजे रिंग मधोमध आहे की नाही ते. आणि चाक उलटं घालून बघितलं की ती फसवणूकही संपते, मग स्टँड कितीही स्वस्त असो.

माझ्या स्टँडचा खरा दोष वेगळाच होता. एकच चाक पाच वेळा काढून घातलं आणि प्रत्येक वेळी रिंगेच्या त्याच खुणेवर डायल (बारीक फरक दाखवणारा गेज) लावला. आकडे ०.६ मिमीपर्यंत इकडेतिकडे जात होते. खाचेत रंगाचा जाड थर होता, आस दर वेळी वेगळ्या जागी बसत होता. शिवाय पत्र्याचे खांब तारेवर चावी फिरवताना हलत होते. हे मात्र कामाच्या आड येतं, कारण चाक उलटं घालून जे मोजायचं तेच भरवशाचं राहत नाही. मी कानशीने खाचेतला रंग काढला, वरची खाच खालचीच्या उंचीला जुळेपर्यंत घासली आणि सगळा स्टँड भंगारातल्या १० मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटवर बोल्टने आवळला. तेव्हापासून तोच फरक ०.१५ मिमीच्या आत राहतो. खर्च फक्त ड्रिलिंगचा आणि चार बोल्टचा.

आता महागाबद्दल. टीएस-२.२ वर पहिलं चाक घातलं तेव्हा मला जाणवली ती शांतता. काहीच हलत नाही. एक घुंडी फिरवली की दोन्ही खांब एकदम आत येतात, दुसरी फिरवली की दोन्ही बोटं एकदम रिंगेकडे सरकतात, आणि त्याच बोटांच्या टोकावर बाजूचा आउटही दिसतो आणि रिंगेची उडीही (वर-खाली होणं). माझ्या स्टँडवर डावं बोट वेगळं, उजवं वेगळं, उडीसाठी तिसरं. ही तीन-तीन बोटं लावण्यातच दर चाकामागे पाच-सहा मिनिटं जातात. सकाळी सात-आठ चाकं असली की हा फरक हाताला आणि पाठीला कळतो. दुकानासाठी मित्राने तो घेतला ते अगदी बरोबर केलं.

पण अशा स्टँडच्या "आपोआप सेंटर" या शब्दावर डोळे मिटून विसंबू नका. हे सेंटर जुळवून ठेवावं लागतं, ते तपासायला कंपनी वेगळी गेजसुद्धा विकते. मित्राचा स्टँड एकदा गाडीच्या डिकीतून सायकल शर्यतीला नेला होता. परत आल्यावर मी सवयीने चाक उलटं घातलं आणि अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक दिसला. जुळवून घेतला, अर्ध्या तासाचं काम. पण बघितलं नसतं तर त्याच रविवारी त्याच्यावर विश्वास ठेवून चार चाकं चुकीची झाली असती.

नेमकेपणाचं म्हणाल तर २ मिमीच्या तारेवर इंचाला ५६ आटे असतात, म्हणजे निपल (तारेच्या टोकाचा, चावीने फिरवायचा नट) एक पूर्ण फेरा फिरवला की तार सुमारे ०.४५ मिमी सरकते, पाव फेऱ्यात ०.११. इतक्या बारीक हालचालीवर ताबा ठेवते ती चावी. मी सुरुवातीला बाजारातली गोल, अनेक खाचांची चावी वापरली आणि एका चाकाची तीन निपल गोल करून टाकली. त्यानंतर मापाच्या चाव्या घेतल्या: काळी ३.२३ मिमीची, हिरवी ३.३० ची, लाल ३.४५ ची. निपलवर आधी सगळ्यात घट्ट बसणारी लावायची. पैसे आधी इथे घाला. दुसरं म्हणजे तारेचा ताण. मागच्या चाकाला फ्रीव्हीलच्या बाजूच्या तारा जास्त ताठ असतात आणि डाव्या ढिल्या, हे असायलाच हवं. पण एकाच बाजूच्या तारा एकमेकींशी सारख्या वाजल्या पाहिजेत. मामा हे कानाने करतात, मला ताण मोजायचा मीटर लागला. चार चाकांवर मोजून कान लावल्यावर आता मलाही टण आणि टक यातला फरक कळतो. शेवटी समांतर तारांच्या जोड्या मुठीत दाबायला विसरू नका. पिळलेल्या तारा तेव्हाच मोकळ्या होतात. नाहीतर पहिल्या दोन किलोमीटरात कुरकुर ऐकू येते आणि आउट परत येतो.

थ्रू एक्सलची (हबमधून आरपार जाणाऱ्या जाड आसाची) चाकं असतील तर दोन्हीकडे सोय बघा. टीएस-२.२ ला त्यासाठी अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. माझ्या स्टँडवर मी उद्यमनगरातच १२ मिमीचा रॉड टर्न करून दोन्ही टोकं १० मिमीला उतरवून घेतली, छान चालतं. गंज हा स्वस्त स्टँडचा दुसरा त्रास. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सगळे स्क्रू तांबडे झाले, तेल लावत राहिलो.

घरात दोन-तीन सायकली आणि महिन्याला एक-दोन चाकं असतील तर स्वस्त घ्या. तो टेबलाला किंवा जाड प्लेटला आवळा, खाचा तपासा आणि उरलेल्या पैशांत चाव्या आणि मीटर घ्या. रोज ओळीने चाकं येत असतील, किंवा दुसऱ्याच्या चाकाची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर महागच घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं सेंटर तपासा. मधल्या किमतीच्या स्टँडवर मी काम केलेलं नाही.

माझा स्टँड सध्या प्लेटीसकट मामांच्या दुकानात आहे. मागच्या आठवड्यात दाखवायला नेला होता, त्यांनी वडिलांच्या सायकलीचं मागचं चाक त्यावर घातलं, ४० तारा एका फेरीत वाजवून बघितल्या, मग चाक उलटं घालून टेकलेलं बोट बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे की हितं रविवारपर्यंत."